बाबांची बोटं आणि दुसरं औषध

माझे वडील बोटांनी वाचतात. ते लहान असताना त्यांना देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. आजोबांनी चांदवडजवळच्या खेड्यातून त्यांना नाशिकला आणून अंधशाळेत घातलं. तिथे ते ब्रेल शिकले आणि पुढे अंध मुलांची पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले. छापलेल्या पानावरून आधी बाबांची बोटं फिरायची, मगच ते पान मुलांच्या हाती जायचं. ब्रेलमध्ये एक टिंब नीट उठलं नाही तर दोनाचा एक होतो आणि 'क'चा 'अ'. अशी न उठलेली टिंबं शोधण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्तीचं वय उलटल्यावरही छापखान्याने गणिताची आणि विज्ञानाची पुस्तकं त्यांच्याकडेच ठेवली.

माझ्या लहानपणी आमच्या नाशिकरोडच्या चाळीत संध्याकाळची वीज नेमाने जायची. मग सगळ्या घरांतली दप्तरं मिटायची आणि आमच्या घरातलं वाचन तेवढं चालू राहायचं. शेजारची पोरं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. बाबा मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन अंधारात गोष्टी वाचून दाखवायचे. वडील आंधळे आहेत याचं मला कधी वाईट वाटलं नाही त्याचं कारण हेच असावं. काळोखात वाचता येणारे आख्ख्या चाळीत ते एकटेच होते, आणि ते माझे वडील होते.

दोन वर्षांपूर्वी ते थकू लागले. जिना चढताना मध्येच थांबायचे. आम्हाला वाटलं, वय झालं. मग आईच्या लक्षात आलं की त्यांच्या नखांचा आणि ओठांचा रंग उतरलाय. रक्त तपासलं तर ते फारच कमी निघालं. पुढच्या तपासण्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर सापडला. शौचावाटे किती तरी महिने रक्त जात होतं, आणि ते त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आई मात्र म्हणत राहिली, मला दिसायला हवं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, पण जवळच्या काही लसिकाग्रंथींमध्ये आजार पोहोचला होता. म्हणून सर्जननी आम्हाला केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्यांच्याकडे जायच्या आधीच्या रविवारी चांदवडहून काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कांद्याची शेती करणारे. बाबांवर त्यांचा फार जीव. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला.

"दादा, एक सांगू का? ते केमो घेऊ नको. लय कडक औषध हाय ते. आमच्या शेजारच्या मळ्यातल्यानं घेतलं. चालता-बोलता माणूस, खाटंला खिळला आन् तिथंच गेला."

"तो आजाराने गेला की औषधाने?" बाबांनी विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "ते नाय सांगता यायचं. पण औषध घेतल्यावरच पडला ना तो."

"आणि घेतलं नसतं तर?"

"ते बी नाय सांगता यायचं."

"हेच तर अवघड आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला.

मी इंदिरानगरला राहते आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. पेशी म्हणजे काय हे दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. माझ्या मनात शंकाच नव्हती. डॉक्टर देतील ते सगळं घ्यायचं आणि पूर्ण घ्यायचं. काकांशी मी त्या दिवशी जेवणाच्या ताटावरही वाद घातला. बाबा दोघांचं ऐकत होते आणि भाकरी मोडत होते. ते कोणाच्याच बाजूने बोलले नाहीत.

डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी फाईल पाहिली आणि माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. असं नेहमीच होतं. बाबांच्या बरोबर डोळस माणूस असला की लोक त्याच्याशीच बोलतात.

"डॉक्टर, मला सांगा," बाबा म्हणाले. "ही ऐकते आहेच."

"माफ करा काका," त्या म्हणाल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्या टेबलाच्या मागून उठून बाबांच्या समोर येऊन बसल्या. तिथून पुढे त्या त्यांच्याशीच बोलल्या.

"ऑपरेशनमध्ये दिसणारं सगळं काढलेलं आहे. न दिसणाऱ्या पेशी कुठे राहिल्या असतील किंवा नसतीलही. केमो त्या न दिसणाऱ्यांसाठी आहे."

"राहिल्याच नसतील तर?"

"तर औषधाचा उपयोग शून्य आणि त्रास मात्र खरा."

"आणि राहिल्या असतील, तर औषध त्यांना नक्की मारतं?"

"नक्की नाही. काहींना औषध देऊनही आजार परत येतो. पण काही जण असे असतात की औषध दिल्यामुळेच ते वाचतात. तुम्ही यांतले कोण, हे मला आज ओळखता येत नाही. कोणालाच येत नाही. तुमच्या रिपोर्टवरून आजार परतण्याची शक्यता दुर्लक्ष करण्याइतकी लहान नाही, म्हणून मी घ्या म्हणते."

डॉक्टरला इतकं सरळ बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. मला ते थोडं खटकलंही. मला वाटत होतं की त्यांनी ठामपणे 'घ्यायचंच' म्हणावं आणि विषय संपवावा. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं.

मग त्यांनी औषधं समजावली. औषधं दोन होती. पहिलं मुख्य, बराचसा फायदा त्याचा. दुसरं त्याच्या जोडीला दिलं की फायद्यात आणखी भर पडते, पण बाबांच्या वयात ती भर तरुणांइतकी मोठी नसते. त्रासांची यादीही त्यांनी सांगितली. मळमळ, जुलाब, तोंड येणं, पांढऱ्या पेशी कमी होणं, ताप आला तर लगेच दवाखान्यात येणं. "दुसऱ्या औषधाने थंडी सोसवत नाही," त्या पुढे म्हणाल्या, "हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बहुतेकांचा पुढे कमी होतो. काहींचा थोडाफार राहून जातो."

बाबांनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"बधिरपणा कुठून सुरू होतो?"

"बोटांच्या टोकांपासून," डॉक्टर म्हणाल्या, आणि वाक्य संपता संपताच त्या थांबल्या. त्यांची नजर बाबांच्या हातांकडे गेली.

बाबांनी शबनम पिशवीतून पाचवीच्या गणिताची तपासायला आलेली पानं काढली आणि मांडीवर ठेवली. एक उदाहरण त्यांनी वाचून दाखवलं. बोटं ओळीवरून पाणी वाहावं तशी गेली. डॉक्टरांनी विचारलं, "मी बघू?" आणि डोळे मिटून त्याच ओळीवर बोट ठेवलं. थोड्या वेळाने त्या हसल्या. "मला नुसता खडबडीत कागद लागतोय."

"मलाही शेवटी तसाच लागेल का, एवढंच विचारायचं होतं," बाबा म्हणाले.

"लागू शकतो," त्या म्हणाल्या. "लागेलच असं नाही. पण तुमच्याशी खोटं बोलणार नाही, लागू शकतो."

त्या दिवशी आम्ही निर्णय न घेता घरी आलो. पहिलं औषध गोळ्यांच्या रूपातही मिळतं, पण गोळ्यांनी तळहाताची सालं निघतात, म्हणून ते आपण शिरेत हळूहळू औषध सोडणाऱ्या पंपातूनच देऊ, हे मात्र डॉक्टरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दुसऱ्या औषधाबद्दल त्या म्हणाल्या, "घरी बोला. आठवडाभराने फार बिघडत नाही. आणि प्रश्न पडला तर फोन करा."

घरी आम्ही बोललो नाही, भांडलो. म्हणजे मी भांडले. मी म्हटलं, "बाबा, वाचन नंतर. आधी तुम्ही हवे आहात. ऐकण्याची पुस्तकं आहेत, फोन आहे, मी आहे वाचून दाखवायला."

"तू वाचून दाखवशील ते तुझ्या आवाजात असेल, तुझ्या वेगाने असेल," बाबा शांतपणे म्हणाले. "मला मागच्या ओळीवर परत जायचं असेल तर तुला सांगावं लागेल. तुझ्या डोळ्यांवर उद्या पट्टी बांधली आणि शेजारी एक चांगला वाचणारा माणूस दिला, तर तुला चालेल का?"

"जीव वाचत असेल तर चालेल."

"मलाही चालेल. पण किती वाचतोय ते बघू दे ना मला. पहिल्या औषधाने किती, दुसऱ्याने वर किती. त्या वरच्या 'किती'साठी मी काय द्यायचं, हे मलाच ठरवावं लागेल."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती डोळस आहे. लग्नानंतर ती बाबांसाठी ब्रेल शिकली, पण डोळ्यांनी बघून वाचते, बोटांनी तिला जमत नाही. मी तिला म्हटलं, "आई, तू सांग त्यांना."

आई म्हणाली, "काय सांगू? यांनी वाचायचं सोडलं तर घरात उरेल तो कोण असेल, मला माहीत नाही. आणि हेच उरले नाहीत तर त्या पुस्तकांचं मी काय करू? मला नाही ठरवता येत. यांनाच ठरवू दे."

पुढचे काही दिवस बाबांनी खूप फोन केले. छापखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बायकोने वेगळ्या कॅन्सरसाठी केमो घेतली होती, तिच्याशी बोलले. डॉक्टरांना दोनदा फोन केला. एकदा विचारलं, बधिरपणा एकदम येतो की हळूहळू? दुसऱ्यांदा विचारलं, औषध मध्येच थांबवलं तर बधिरपणा तिथेच थांबतो का? याचं उत्तर वाईट होतं. थांबवल्यावरही तो दोनेक महिने वाढत जाऊ शकतो, मग उतरू लागतो. "म्हणजे ब्रेक दाबल्यावरही गाडी पुढे घसरते," बाबा म्हणाले. "मग ब्रेक आधीच दाबायला हवा."

हे वाक्य बोलल्यावर त्यांना आपलं उत्तर सापडलं असावं. ते उठले आणि कपाटातून अंधशाळेच्या काळातलं एक पुस्तक काढून आणलं. इतक्या हातांनी वाचलेलं की त्यातली टिंबं जवळजवळ सपाट झालेली. ते वाचणं बाबांनाही अवघड जायचं, पण जमायचं.

पुढच्या भेटीत त्यांनी ते पुस्तक डॉक्टरांसमोर ठेवलं. "पहिलं औषध पूर्ण घेणार. दुसरंही सुरू करा. पण प्रत्येक डोसच्या आधी मी यातलं एक पान वाचणार. नवं पुस्तक वाचता येईना झालं की थांबायचं असं नाही, हे झिजलेलं वाचता येईना झालं की थांबायचं."

डॉक्टरांनी त्या सपाट पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बाकीच्यांना मी विचारते, शर्टाची बटणं लावता येतात का. तुमच्या बाबतीत बटणं जड जाईपर्यंत वाट पाहिली असती तर फार उशीर झाला असता. हे चालेल. फक्त एक कबूल करा. थांबायची वेळ आली की आपण दोघं बोलून थांबू. परस्पर यायचं बंद करायचं नाही."

"कबूल," बाबा म्हणाले. दोघांनी हात मिळवले.

केमो सुरू झाली ती ऐन थंडीत. नाशिकची डिसेंबरची थंडी एरवी आम्ही कौतुकाने सोसतो, त्या वर्षी ती शत्रू झाली. दुसरं औषध शरीरात असताना थंड वस्तूला हात लागला की वीज चावल्यासारखं व्हायचं. स्टीलचा पेला, नळ, दाराची कडी, सगळं त्यांना चावू लागलं. नर्सने सांगितलं, घरातही हातमोजे घाला. बाबांनी ते घातले आणि पाच मिनिटांत काढून ठेवले. "आता खरा आंधळा झालो," ते म्हणाले. तेव्हा आईने जुनं फ्लॅनेलचं कापड फाडून घरातल्या सगळ्या कड्यांना, नळांना आणि त्यांच्या पांढऱ्या काठीच्या मुठीला गुंडाळलं. वस्तूंना मोजे घातले आणि बाबांचे हात मोकळे ठेवले.

डोसच्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन सकाळीच त्यांच्याकडे यायचे. मुंबई नाक्याच्या बाजूला असलेल्या त्या दवाखान्यात सकाळी सलाईन लागायची आणि मग कमरेला छोटा पंप अडकवून आम्ही रिक्षाने घरी यायचो. पुढचे दोन दिवस तो पंप त्यांच्याबरोबर घरभर फिरायचा. बाबांना मळमळ फार झाली. फोडणीचा वास सोसेना, म्हणून आई गॅलरीत शेगडी मांडून स्वयंपाक करायची. एकदा पांढऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या की ताप येऊन त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा काका चांदवडहून धावत आले. मला वाटलं, आता म्हणतील, बघा, मी सांगत होतो. पण ते बाबांचे पाय चेपत बसले. ताप उतरल्यावर फक्त विचारलं, "दादा, अजून घ्यायचं हाय का तुला?"

"हाय," बाबा त्यांच्याच बोलीत म्हणाले.

"मग घे. मी येत जाईन."

आणि ते खरंच येत गेले. ज्यांनी केमो घेऊच नको म्हणून सांगितलं होतं, तेच दर डोसला सलाईनच्या स्टँडशेजारी बसून बाबांना बाजारभावापासून पाटाच्या पाण्यापर्यंत सगळ्या गप्पा सांगू लागले. माझा आणि त्यांचा वाद कुठे विरून गेला ते कळलंही नाही.

प्रत्येक डोसच्या सकाळी बाबा खिडकीपाशी बसून ते झिजलेलं पुस्तक उघडायचे. पान दर वेळी वेगळं, पाठ असल्याचा फायदा मिळू नये म्हणून. मी चहाचा कप हातात घेऊन ऐकायचे. वाचून झालं की ते पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "चला."

ठरलेल्या डोसांपैकी अर्ध्याच्या जरा पुढे आम्ही आलो होतो. त्या सकाळी त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि थांबले. परत ओळीच्या सुरुवातीला गेले. परत थांबले. डाव्या हाताने करून पाहिलं. मग दोन्ही हात पानावर सपाट ठेवून बसले.

"आज 'क' आणि 'अ' मला सारखेच लागतायत," ते म्हणाले.

मी नवं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी वाचलं. थोडं सावकाश, पण वाचलं.

"हे येतंय ना, बाबा. मग अजून एक-दोन तरी घेऊ. इतकं सोसलंय."

"सोसलंय म्हणून पुढचं घ्यायचं, हे काही कारण नाही," ते म्हणाले. "पुढच्याचा फायदा असेल तर घ्यायचं. फोन लाव."

मी फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांनी योग्य वेळी सांगितलं. दुसऱ्या औषधाचा मोठा भाग त्यांना मिळालेला आहे. आज फक्त पहिलं देऊ आणि पुढेही तेच." त्या घाबरलेल्या वाटल्या नाहीत, म्हणून मीही थोडी सावरले.

पण डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. दुसरं औषध थांबवल्यावरही बधिरपणा चढतच गेला. पहिल्या औषधाचे डोस संपले तेव्हा उन्हाळा लागला होता आणि बाबांना नवं पुस्तकही वाचता येत नव्हतं. ओल्या वर्तमानपत्रावरून हात फिरवल्यासारखं वाटतं, असं ते म्हणायचे. चालताना पाय कापसात पडायचे. छापखान्याने निरोप पाठवला, घाई नाही, पुस्तकं थांबतील. तो निरोप ऐकून ते आत जाऊन पडून राहिले. तेवढ्या काळात मी त्यांना पहिल्यांदा भिंतीला धरून चालताना पाहिलं. आपला निर्णय चुकला का, असं त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. मला मात्र रोज वाटायचं की आपण दोन्ही बाजूंनी हरलो. औषधही पूर्ण झालं नाही आणि बोटंही गेली.

तेव्हा आईने एक गोष्ट सुरू केली. तिने ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली आणि रोज सकाळी जाड कागदावर एकच ओळ टोचून ती बाबांच्या चहाच्या बशीखाली ठेवू लागली. आईचा हात जड आहे, तिची टिंबं चांगली ठसठशीत उठतात. बाबा विचारायचे, "काय लिहिलंयस?" ती म्हणायची, "वाचा." बस. त्यापुढे ती सांगायची नाही. मीही सांगू नये अशी तिची ताकीद होती.

किती तरी सकाळी ते कागद तसेच राहिले. बाबा बोट फिरवायचे, ओठ मिटून प्रयत्न करायचे, आणि कागद बाजूला ठेवायचे. आई तो उचलायची आणि दुसऱ्या दिवशी नवा ठेवायची. पावसाळा संपत आला असताना, एका सकाळी मी त्यांच्याकडेच मुक्कामाला होते. बाबांनी कागदावर बोट ठेवलं, अर्ध्यावर गेले, मागे आले, पुन्हा गेले. मग हळू आवाजात, एकेक अक्षर जोडत वाचलं, "आज मेथी आहे. तक्रार करू नये."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मग? करणार का तक्रार?"

"नाही," बाबा म्हणाले. "मेथी चालेल."

तिथून पुढे सावकाश, पण रोज थोडं थोडं परत येत गेलं. ओळीमागून ओळ, मग पान. दिवाळीनंतर ते छापखान्यात गेले. आता ते पूर्वीपेक्षा सावकाश वाचतात. गणिताचं पान दोनदा तपासतात, कारण पहिल्या वाचनावर त्यांचा पूर्ण विश्वास राहिलेला नाही. पायांच्या बोटांना बधिरपणा आहे आणि तो बहुधा राहील. आजवरच्या तपासण्यांत आजार परतलेला नाही. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. दुसरं औषध पूर्ण घेतलं असतं तर जास्त बरं झालं असतं की नाही, तेही कधी कळणार नाही. बाबांना याचं फारसं काही वाटत नाही. ते म्हणतात, "मला जेवढं माहीत होतं तेवढं बघून मी ठरवलं. यापेक्षा जास्त माणूस काय करणार?"

परवा आम्ही नेहमीच्या तपासणीला गेलो होतो. डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुमच्यानंतर मी एक सवय लावून घेतलीय. हे औषध सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारते, तुम्ही हातांनी काय काम करता? कोणी घड्याळं दुरुस्त करतं, कोणी हार गुंफतं. आज बाहेर कळवणच्या एक बाई बसल्यात. शिवणकाम करतात. त्या फार गोंधळल्यात. त्यांच्याशी बोलाल का? काय घ्यायचं ते सांगू नका. नुसतं बोला."

बाहेरच्या बाकावर त्या बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेर, शेजारी नवरा, मांडीवर रिपोर्टची पिशवी. मी बाबांना त्यांच्या शेजारी बसवलं. बाबांनी आपली सगळी हकिकत सांगितली. चांगलं वाईट काही झाकलं नाही. ओल्या वर्तमानपत्राचंही सांगितलं आणि मेथीचंही.

बाईंनी विचारलं, "मग बाबा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी तुमच्या जागी नाही ना," बाबा म्हणाले. "मी पासष्टी ओलांडलेली होती. तुमच्या वयात त्या दुसऱ्या औषधाचा फायदा जास्त असतो, हे डॉक्टरांना नीट विचारून घ्या. घरात कोण कोण आहे?"

"दोन मुली. मोठी बारावीला, धाकटी आठवीला."

"शिवण बंद पडलं तर?"

नवरा काही बोलणार होता, पण बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "वाईट वाटेल," त्या म्हणाल्या. "लग्नाआधीपासून शिवते मी. पण बंद पडलं तर पडलं. मुलींचं होईपर्यंत मला राहायचं हाय. मला वाटतं, मी पूर्ण घेईन."

"मग डॉक्टरांना तसं सांगा," बाबा म्हणाले. "आणि मुंग्या वाढल्या की लपवू नका. डोस कमी करता येतो, थांबता येतं. सोसून दाखवायचं नसतं. आणि घरातल्या कड्यांना कापड गुंडाळा, आत्तापासूनच."

मी समोर उभी होते. बाबांनी स्वतः दुसरं औषध अर्ध्यावर सोडलं होतं, आणि त्या बाईंनी पूर्ण घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो अगदी खरा होता. बाईंनी आपल्यासारखं करावं असं त्यांना वाटतच नव्हतं. बाईंनी स्वतः ठरवावं एवढंच त्यांना हवं होतं. लहानपणी ओट्यावरच्या पोरांमध्ये बसून मला त्यांचा जो अभिमान वाटायचा, त्यापेक्षा हा मोठा होता.

बाईंना आत बोलावलं. जाताना त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला. बाबा अवघडले, पाय मागे घेत म्हणाले, "अहो, असं नका करू." मग काठी उघडून ते उठले. आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. त्यांनी रिक्षा नको म्हटलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं म्हणून त्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि आम्ही दुपारच्या गर्दीतून द्वारका चौकाच्या दिशेने चालायला लागलो.